धर्माचा निर्णय बहुमताने होतो काय?



तुमच्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेचा सोहळा एका दिवसात पार पडतो, परंतु त्यानंतर रोजच्या संसारात प्रश्न उभे राहू लागतात. देव्हाऱ्यातल्या टाकांचे काय करायचे? मुलीच्या लग्नाला मुहूर्त पाहायचा की नाही? म्हातारी आई माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाते म्हणाली, तर तिला अडवायचे काय? असे प्रश्न निघाले की वस्तीतल्या विहारात बैठक बसते. कोणी म्हणतो, मंडळाने ठराव करून टाकावा. कोणी म्हणतो, जास्त हात ज्या बाजूला वर होतील तसे ठरवावे. एखादा तापट गृहस्थ म्हणतो, जो ठराव पाळणार नाही त्याच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये.

नांदेडच्या एखाद्या नगरात किंवा लातूरकडच्या एखाद्या खेड्यात अशी बैठक बसते, तेव्हा जमलेल्यांना हा आपल्या वस्तीपुरता प्रश्न वाटतो. वास्तविक हा प्रश्न हजारो वर्षांचा आहे. धर्माच्या बाबतीत माणसांच्या सभेने काय ठरवावे आणि काय ठरवू नये, यावर राजे, धर्मगुरू आणि पंडित यांनी डोकी शिणविली आहेत. काही ठिकाणी रक्तही सांडले आहे. इतरांचा अनुभव पाहून आपण शहाणे व्हावे, यात कमीपणा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला, तो याच वृत्तीने.

कोणतीही धर्मपरिषद तपासताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, सभेत कोण बसले होते? दुसरा, निर्णय कशाच्या आधारावर घेतला? आणि तिसरा, ज्याला तो निर्णय पटला नाही त्याचे पुढे काय झाले? हे तीन प्रश्न हाती घेऊन आपण निघू.

सम्राटाची सभा

सभा भरवून धर्ममत ठरविण्याची रीत ख्रिस्ती धर्मात जितकी रुळली तितकी क्वचितच दुसरीकडे रुळली असेल. त्यांची पहिली मोठी परिषद इ. स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील निकिया या गावी भरली. ती बोलावली होती रोमच्या सम्राट कॉन्स्टंटाईनने. वाद असा होता : येशू ख्रिस्त हा ईश्वरपित्याइतकाच अनादी आहे, की पित्याने निर्माण केलेला आहे? अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मोपदेशक म्हणे, तो निर्माण केलेला आहे. सुमारे तीनशे बिशप जमले आणि निर्णय एरियसच्या विरुद्ध गेला. श्रद्धेचा एक मसुदा तयार झाला. त्यावर सही न करणाऱ्या दोन बिशपांना एरियसबरोबर हद्दपार करण्यात आले.

येथवर कोणी म्हणेल, सभा झाली, निर्णय झाला, प्रश्न मिटला. पण तो मिटला नाही. कॉन्स्टंटाईनच्या मुलाच्या राजवटीत, इ. स. ३५९ मध्ये पुन्हा परिषदा भरल्या. नव्या सम्राटाचा कल दुसरीकडे होता. त्याच्या दडपणाखाली बिशपांनी निकियाचा मसुदा बाजूला ठेवून दुसराच मान्य केला. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने परत निकियाची बाजू उचलून धरली. आता तुम्हीच विचार करा. येशू ३२५ साली अनादी होता, ३५९ साली नव्हता आणि ३८१ साली पुन्हा झाला, असे तर कोणी म्हणणार नाही. बदलले होते ते राजसत्तेचे वारे. सभेच्या मागे तलवार उभी असली की हात कोणत्या बाजूला वर होतील ते तलवार ठरवते.

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत भयंकर उत्तर कॉन्स्टन्सच्या परिषदेने दिले. ही परिषद १४१४ ते १४१८ अशी चार वर्षे चालली. बोहेमियातील यान हुस नावाचा धर्मोपदेशक धर्मपीठाच्या भ्रष्टाचारावर बोलत असे. त्याला या परिषदेपुढे बोलावण्यात आले. राजा सिगिसमुंडने त्याला सुरक्षित येण्याजाण्याचे अभयपत्र दिले होते. हुस म्हणाला, माझे चुकले असेल तर पवित्र ग्रंथाच्या आधारे मला दाखवून द्या, मी माझे शब्द मागे घेईन. परिषदेला वाद नको होता, शरणागती हवी होती. ६ जुलै १४१५ रोजी हुसला जिवंत जाळण्यात आले. पुढे १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. परंतु त्या परिषदेच्या निर्णयाबद्दल खेद व्यक्त व्हायला पाचशे चौऱ्याऐंशी वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

गोव्यातील जानव्याचा वाद

आता युरोप सोडून आपल्या शेजारच्या गोव्याकडे या. १५६७ ते १६०६ या काळात गोव्यात ख्रिस्ती धर्मपीठाच्या पाच प्रांतिक परिषदा झाल्या. १५६७ च्या पहिल्या परिषदेने एक चांगले तत्त्व मान्य केले. कोणाचेही धर्मांतर जबरदस्तीने किंवा धाक घालून करू नये, असे ते तत्त्व. परंतु त्याच परिषदेने हिंदूंची देवळे, पुजारी आणि समारंभ यांच्यावर बंदी यावी म्हणून पोर्तुगीज राजसत्तेकडे मागणी केली. एका ठरावाने धाक नको म्हटले आणि दुसऱ्या ठरावांनी धाकाची सोय केली. ज्या हिंदू रयतेबद्दल हे ठरत होते, तिच्या वतीने बोलायला त्या सभेत कोण होते? अर्थात कोणी नव्हते.

परंतु आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची सभा १६१९ मध्ये गोव्यात भरली. तिचा विषय होता जात.

हकीकत अशी. रॉबर्टो दे नोबिली नावाचे इटालियन जेझुइट पाद्री १६०६ मध्ये तामिळ देशात मदुरैला आले. तेथील ब्राह्मण आणि इतर वरच्या जाती पोर्तुगीजांच्या धर्माजवळ येत नाहीत, कारण तो धर्म घेतला की जात बुडते, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी स्वतः संन्याशाचा वेष घेतला, मांसमद्य सोडले, तामिळ आणि संस्कृत शिकले, आणि खालच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांपासून ते वेगळे राहू लागले. त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची मोकळीक होती. इतर पाद्र्यांनी यावर हरकत घेतली. प्रश्न गोव्याला आला : नवा धर्म घेतलेल्या माणसाने जानवे ठेवावे की काढावे?

आर्चबिशपांच्या पुढाकाराने धर्मगुरू आणि धर्मपंडित जमले. जानवे हे धर्माचे चिन्ह आहे की नुसत्या कुळाचे, यावर मोठा खल झाला. बहुसंख्यांचा कौल नोबिलींच्या विरुद्ध पडला. पण प्रकरण रोमला गेले, आणि पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ३१ जानेवारी १६२३ च्या आज्ञापत्राने गोव्याचा कौल फिरवला. मूर्तिपूजेचा हेतू मनात नसेल तर जानवे, शेंडी, गंध आणि स्नान चालेल, अशी परवानगी दिली. त्याच आज्ञापत्रात पोपने वरच्या कुळांतील ख्रिस्ती लोकांना विनविले की, निदान देवाच्या मंदिरात तरी हलक्या कुळातील बांधवांचा तिरस्कार करू नका.

बंधूंनो, हे नीट पाहा. जानव्याला परवानगी मिळाली आणि अस्पृश्यांच्या वाट्याला विनवणी आली. परवानगी लगेच अमलात येते. विनवणी ऐकायची की नाही, ते ज्याला विनविले त्याच्या मर्जीवर असते. परिणाम काय झाला? पुढे मदुरैच्या प्रांतात वरच्या जातींसाठी एक आणि खालच्या जातींसाठी दुसरे, असे वेगवेगळे धर्मोपदेशक नेमण्यात आले. आजारी अस्पृश्य ख्रिस्ती माणसाच्या घरात शिरून पाद्र्याने अखेरचा संस्कार करावा की नाही, हा प्रश्न १७०४ मध्ये रोमच्या प्रतिनिधीला आज्ञा काढून सोडवावा लागला. त्या आज्ञेवरचा वाद १७४४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे चालला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने ख्रिस्ती धर्मात जातिभेदाला स्थान नाही असे तिरुचिरापल्लीला स्पष्टपणे जाहीर केले, ते १९८२ साली.

गोव्याच्या सभेतले दोन्ही पक्ष विद्वान होते. नोबिली हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते, आणि त्यांचे विरोधकही अस्पृश्यांच्या कळवळ्याने बोलत होते असे नाही. जानव्यात मूर्तिपूजा आहे काय, एवढाच त्यांचा वाद होता. जानव्यात दुसऱ्या माणसाचा अपमान आहे काय, हा प्रश्न त्या सभेत मुख्य झालाच नाही. कारण ज्याचा अपमान होत होता, तो त्या दालनात बसलेला नव्हता. तो असता, तर त्याने एका वाक्यात वाद निकालात काढला असता : याच्या गळ्यात हा दोरा आहे तोवर हा माझ्या शेजारी बसत नाही, मग आम्ही दोघे एका धर्मात आलो तरी कसे?

मतांची मोजणी आणि मनाची मोकळीक

ख्रिस्ती परिषदांची एकच बाजू सांगणे न्यायाचे होणार नाही. १८७० मध्ये रोमच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले की पोप आपल्या पीठावरून श्रद्धा आणि नीती यांविषयी अंतिम निर्णय देतात तेव्हा त्यांची चूक होऊ शकत नाही. त्या दिवशी बाजूने ५३३ मते पडली आणि विरुद्ध २. मनातून विरोध असलेले साठ-एक बिशप मतदानापूर्वीच रोम सोडून गेले होते. चूक न होण्याचे प्रमाणपत्र मतमोजणीने द्यावे, ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या बुद्धीला पटणे कठीण आहे. परंतु त्याच धर्मपीठाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी, प्रत्येक माणसाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आहे आणि त्यात कोणीही जबरदस्ती करू नये, असे जाहीर केले. ज्या परंपरेत हुस जाळला गेला, त्याच परंपरेच्या परिषदेने हे म्हटले. त्या परिषदेत १९६४ पासून काही स्त्रियांना बसू दिले, पण ऐकण्यापुरतेच. रोमच्या धर्मसभेत स्त्रियांनी मत दिले ते थेट २०२३ मध्ये.

आपल्या नागपुरातही अशी एक घटना घडलेली आहे. ज्या शहरात १९५६ साली आपली दीक्षा झाली, तेथेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळे प्रोटेस्टंट पंथ एक झाले आणि उत्तर भारताची चर्च ही संस्था उभी राहिली. त्यासाठी सुमारे चाळीस वर्षे बोलणी चालू होती. प्रत्येक पंथाने आपापल्या सभेत मते घेतली. मेथॉडिस्टांचा एक मोठा पंथ या बोलण्यांत होता, पण अगदी अखेरीला त्याच्या सभेने नकार दिला. त्यावरून कोणी त्यांना जाळले नाही, हद्दपारही केले नाही. ते वेगळे राहिले आणि बाकीचे एकत्र आले. सभेने निर्णय घेण्याची ही शहाणपणाची रीत म्हटली पाहिजे.

नांदेडच्या लोकांना तर आणखी एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर दिसते. १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला गुरू गोविंदसिंगांचा देहान्त झाला. त्यांनी आपल्या मागे कोणी माणूस गुरू म्हणून नेमला नाही. गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले आणि कारभार पंथाच्या हाती सोपविला. त्यानंतरच्या काळात शिखांचा समुदाय ग्रंथासमोर जमून जो निर्णय घेई, त्याला गुरमता म्हणत. रणजितसिंगांचे राज्य बळकट झाल्यावर ही प्रथा मागे पडली. हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्याचा कारभार हैदराबाद राज्याने १९५६ साली केलेल्या कायद्याने मंडळाकडे सोपविला. मंडळाने हिशेब पाहायचा, लंगर आणि यात्रेकरूंची सोय पाहायची. पण शिखाची श्रद्धा त्या मंडळाच्या बहुमतावर अवलंबून नाही. कारभार निराळा आणि श्रद्धा निराळी. हा भेद आपल्यालाही उपयोगी पडणारा आहे.

भिक्खूसंघाची रीत

तथागतांनीही आपला वारस नेमला नव्हता. माझ्यानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आनंदाला सांगितले. मग संघात मतभेद झाला तर काय करायचे? त्यासाठी विनयात पद्धत घालून दिलेली आहे. संघापुढे आधी प्रस्ताव मांडायचा. त्याला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा विचारायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, मान्य नसेल त्याने बोलावे. एकमत झाले नाही तर शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या वाटून मते घ्यायची. ती गुप्तपणे घेता येत, कानात सांगून घेता येत किंवा उघडपणे घेता येत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी याच परंपरेची आठवण दिली होती. प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सर्व संघाला ठाऊक होते, लोकशाही ही भारताला परकी नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

या पद्धतीतील एक नियम मला सर्वांत थोर वाटतो. त्याला सम्मुखाविनय म्हणतात. ज्या भिक्खूविषयी निर्णय घ्यायचा, तो समोर हजर पाहिजे. त्याच्या पाठीमागे केलेली कारवाई रद्द समजावी. गोव्याच्या सभेत जे नव्हते, ते येथे दोन हजार वर्षे आधी नियम म्हणून घालून दिलेले आहे.

आता आपले तीन प्रश्न आपल्याच इतिहासाला विचारू. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप स्थविर प्रमुख होते आणि पाचशे भिक्खू जमले होते. धम्म सांगितला आनंदाने. विनय कोणी सांगितला? उपालीने. हा उपाली जन्माने न्हावी होता. शाक्य राजपुत्रांची हजामत करणाऱ्या माणसाने विनयाचे प्रश्न सोडवावेत आणि क्षत्रिय व ब्राह्मण कुळांतून आलेल्या स्थविरांनी ते शिरोधार्य मानावेत, हे त्या काळी घडले. परंतु त्या पाचशांत एकही भिक्खुणी नव्हती. उलट, स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून तू खटपट केलीस, असा दोष स्थविरांनी आनंदाला दिला. ही उणीव आपण झाकून ठेवू नये. दुसऱ्याच्या सभेला जो प्रश्न विचारला, तो आपल्या सभेलाही विचारलाच पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच संगीतीत मिळते. संगीती आटोपल्यावर पुराण नावाचे एक स्थविर दक्षिणागिरीहून राजगृहाला आले. संघाने जे ठरवले आहे ते आपणही स्वीकारावे, असे त्यांना सांगण्यात आले. पुराण म्हणाले, स्थविरांनी उत्तम संगायन केले आहे, पण मी भगवंतांच्या तोंडून जसे ऐकले तसेच मनात धारण करीन. मग पुराणांचे काय झाले? काहीही झाले नाही. चुल्लवग्गात ही हकीकत जशीच्या तशी नोंदवून ठेवली आहे. ज्याने मान्यता दिली नाही त्याचे नाव आदराने लिहून ठेवावे, एवढे मोठे मन त्या संघाचे होते.

सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती झाली. तिचे कारण तर आजच्या माणसालाही लगेच कळेल. वैशालीचे भिक्खू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे मध्ये ठेवून उपासकांकडून नाणी घेऊ लागले होते. यश नावाच्या एका भिक्खूने उपासकांना सांगितले, पैसे देऊ नका, हे विनयाला धरून नाही. त्यावर वैशालीच्या संघाने ठराव केला की यशाने उपासकांची क्षमा मागावी. तेथे बहुमत कोणाचे होते? सगळा संघ एका बाजूला आणि यश एकटा. यशाने काय केले? तो उपासकांकडे गेला आणि तथागतांनी सोन्यारुप्याविषयी काय सांगितले आहे ते त्याने त्यांना समजावून दिले. उपासकांना ते पटले. पुढे सातशे भिक्खू जमले. मोठ्या सभेत गलका होऊ लागला, तेव्हा पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशी आठ जणांची समिती नेमली. एकाने एकेक मुद्दा विचारायचा आणि दुसऱ्याने विनयाच्या आधारे उत्तर द्यायचे, अशा रीतीने दहाही मुद्द्यांवर निर्णय झाला. यशाची बाजू खरी ठरली.

येथे एक अडचणही सांगितली पाहिजे. विनयात असे म्हटले आहे की शलाका वाटणाऱ्याला धम्माविरुद्ध बोलणाऱ्यांची संख्या जास्त दिसली, तर त्याने ते मतदान धरू नये. आजच्या निवडणुकीच्या दृष्टीने हा नियम खटकतो. धम्म कोणता हे एकट्या मोजणाऱ्याने ठरवायचे काय, असे आपण विचारू, आणि ते विचारणे योग्यच आहे. परंतु त्या नियमामागची शंका खरी होती. डोकी मोजली म्हणून खरे काय ते कळत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. यशाची हकीकत त्यांना ठाऊक होती.

मराठवाड्याने पाहिलेली दोन बहुमते

हीच गोष्ट मराठवाड्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. तेथले बहुमत न्यायाच्या बाजूला होते. पण मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांतले बहुमत दुसऱ्या बाजूला होते, आणि त्याने आपला कौल आगीने दिला. आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी.

विधिमंडळाचे बहुमत योग्य होते आणि गावाचे बहुमत अयोग्य होते, हे आपण कशावरून म्हणतो? संख्येवरून नाही. ज्या गावात आपली दहा घरे आणि त्यांची दोनशे, तेथे संख्येने आपण कायमचे हरलेले आहोत. आपण समतेवरून म्हणतो. म्हणजेच बहुमताला मापण्याचे एक माप बहुमताच्या बाहेर आहे, हे आपण मान्य केले. मग ते माप आपल्या स्वतःच्या बहुमतालाही लावायला नको काय? ज्या नगरात आपली दोनशे घरे आहेत, तेथे आपल्या हाती आलेल्या संख्येचे आपण काय करणार?

बाबासाहेबांनी यात घालून दिलेला धडा पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईला महार परिषद भरली आणि तेथे धर्मांतराचा ठराव झाला. सभेचा ठराव म्हणजेच धर्मांतर, असे त्यांनी मानले असते तर सगळा समाज त्याच दिवशी धर्मांतरित झाला असता. त्यांनी तसे मानले नाही. सभेने दिशा ठरवली. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झाली. तेथे लाखो माणसे जमली असतानाही बावीस प्रतिज्ञा 'मी' अशा शब्दात होत्या. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हटले. कोणी कोणाच्या वतीने म्हटले नाही. बापाने मुलाच्या वतीने नाही, नवऱ्याने बायकोच्या वतीने नाही, पुढाऱ्याने समाजाच्या वतीनेही नाही.

आपल्या विहारातली बैठक

आता पुन्हा आपल्या बैठकीकडे येऊ. विहाराची वर्गणी किती असावी, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन किती वाजता व्हावे, जयंतीचा खर्च किती करावा, हे खुशाल हात वर करून ठरवा. हा कारभार आहे. मंडळाचा अध्यक्ष घरी सत्यनारायण घालीत असेल, तर त्याने पद सोडावे असे म्हणण्याचाही मंडळाला अधिकार आहे. कारण पद हे सर्वांचे असते आणि त्याला शिस्त असते.

परंतु माळेगावला जाऊन आलेल्या म्हातारीचे घर वाळीत टाकण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही. कोणी विचारील, मग बावीस प्रतिज्ञांचे काय? ज्याला वाटेल त्याने पाळाव्यात, वाटेल त्याने सोडाव्यात, असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. प्रतिज्ञा हा ज्याने त्याने स्वतःला दिलेला शब्द आहे. जो तो मोडतो तो स्वतःशी खोटे वागतो, आणि हे त्याला स्पष्ट सांगणे हे आपले कर्तव्य आहे. सांगावे, पुन्हा सांगावे, त्याच्या घरी बसून सांगावे. यशाने उपासकांना सांगितले तसे. पण त्याच्या घरच्या मयताला खांदा द्यायचा नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला जायचे नाही, असे ठरवले की आपण जातपंचायत झालो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला वाळीत टाकले गेले. पाणवठा, देऊळ, चावडी सर्व आपल्याला बंद होते. ते हत्यार आपण हाती घ्यावे, याहून मोठा पराभव कोणता? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. परंतु आपण कायद्याच्या भीतीने थांबू नये. दीक्षा घेतली म्हणून थांबावे.

आणि त्या म्हातारीला बैठकीत बोलावले होते काय? तिचे म्हणणे कोणी ऐकले काय? कदाचित तिने नवस चाळीस वर्षांपूर्वी बोललेला असेल, आणि नातवाला काही होईल या भीतीने ती गेली असेल. भीती ठरावाने जात नाही. शेजारी बसून, तिचा हात हाती घेऊन कोणी तिला कार्यकारणभाव समजावून दिला, तर ती जाते. पुष्कळ ठिकाणी असे आढळते की बैठकीत पुरुष सतरंजीवर पुढे बसतात आणि स्त्रिया दाराशी उभ्या असतात. देव्हाऱ्याविषयी ठराव होतो तो पुरुषांच्या सभेत, आणि देव्हारा आवरायचा असतो स्त्रीने. गोव्याच्या त्या सभेपेक्षा ही सभा कोणत्या बाबतीत वेगळी, याचा विचार करा.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. येत्या पौर्णिमेला विहारात बैठक बसेल आणि कोणी ठराव मांडील, तेव्हा हात वर करण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने उभे राहून विचारावे : ज्यांच्याविषयी आपण ठरवीत आहोत ते येथे आहेत काय? आपण कारण देत आहोत, की नुसती संख्या दाखवीत आहोत? आणि उद्या ज्याला हे पटणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागणार आहोत? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ठराव थांबवावा. बैठक लांबेल, चहा दोनदा करावा लागेल. लांबू द्या. दाराशी उभ्या असलेल्या भगिनींना आत बोलवा, त्यांना सतरंजीवर जागा द्या, आणि पहिले त्यांना बोलू द्या.

जयभीम!